त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा हजेरीपट

१

हजेरीपट उघडला आणि पहिल्याच नावाला आर्जियाबाई थबकल्या.

पुठ्ठ्यावरची चिठ्ठी बरोबर होती: 'वर्ग तिसरा, १९४३-४४'. फळीवरची जागाही बरोबर. पण आतली मुलं दुसरीच होती. बाईंच्या वर्गाची हजेरी अँटोनेल्लीपासून सुरू व्हायची, ती यादी त्यांना बेचाळीस वर्षांनंतरही तोंडपाठ होती. इथे पहिलं नाव होतं बार्तोलुच्ची. आणि अक्षर? अक्षर तर खुद्द आर्जियाबाईंचंच होतं! एक्कावन्न साली, नव्या नव्या शिक्षिका असताना त्यांनी भरलेला हा पट. कुणीतरी त्यावरची चिठ्ठी काढून दुसरी डकवली होती.

त्यांनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं. कडा अजून किंचित ओलसर होत्या. नाकाशी धरली तर आंबूस वास आला. पिठाच्या खळीचा वास.

सेरालबाच्या सरकारी विद्यालयाचं दप्तर मठाच्या जुन्या स्वयंपाकघरात ठेवलेलं असे. इटली एक झाली त्या वर्षी नव्या राज्याने कापुचिन साधूंचा मठ ताब्यात घेतला आणि तिथे लॅटिन-ग्रीकची तीन वर्षांची वरची शाळा काढली; तिसरा वर्ग शेवटचा. यंदा, शहाऐंशी साली, तिला सव्वाशे वर्षं होत होती. इतिहास लिहायचं काम गावाने एकमताने आर्जिया तोम्बोलिनीबाईंवर सोपवलं होतं. त्या इथेच शिकल्या, इथेच चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. दुसरं कोण लिहिणार?

त्यांनी मन लावून लिहिलं. अठराशे ब्याण्णव साली आलेली पहिली मुलगी, जिला वर्षभर वेगळ्या बाकावर बसवलं होतं. तीस सालचा भूकंप, ज्यात घंटेचा मनोरा पडला आणि वर्ग महिनाभर बाजारच्या मांडवात भरले. राजा गेल्यावर दारावरच्या पाटीतलं 'शाही' खोडून 'सरकारी' लिहिणारा रंगारी. सगळं झालं, एक प्रकरण सोडून. जूनमध्ये यादी करताना तो त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा पट त्यांनी हातात घेतला होता. कोपऱ्यावर शाईचा मोठा डाग. न उघडताच परत ठेवला होता. धीर झाला नव्हता.

अखेर या सोमवारी शिक्षकांच्या खोलीत कॉफी पिताना त्या म्हणाल्या होत्या, "आता चव्वेचाळीस. पट स्वतः वाचल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही मी."

आज गुरुवार. पट गेला होता.

बाई खुर्चीवर बसल्या. सोमवारी ते वाक्य ऐकायला खोलीत तिघंच होते. मुख्याध्यापक स्पादोनी. नोटरी ओत्ताविओ लान्चानी. आणि कॉफी घेऊन आलेला शिपाई नाझारेनो. चोर या तिघांतलाच होता.

२

त्या पटात काय होतं, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात फॅसिस्ट सरकारने अठरा वर्षांच्या पोरांना सैन्यात बोलावलं, आणि वर्गातली काही पोरं डोंगरात निघून गेली. त्यांत इवो साल्वुच्ची होता. हजेरीत साल्वुच्चीनंतर तोम्बोलिनी यायचं. तीन वर्षं रोज सकाळी त्याचं "हजर" ऐकून मग आर्जियाने "हजर" म्हटलं होतं. पंधरा मार्चला फॅसिस्टांच्या काळ्या डगलेवाल्यांनी इवोला नदीवरच्या पाणचक्कीत पकडलं आणि तिथेच भिंतीशी उभा करून गोळी घातली. दोनच दिवस आधी त्यांचा अधिकारी शाळेत येऊन हजेरीपट घेऊन बसला होता. वर्गशिक्षक ब्रान्दोनी सरांना त्याने नेलं, रात्रभर ठेवलं, सकाळी सोडलं. सर चालत घरी आले आणि पोरगा मेला. गावाने हिशेब मांडला: सर बोलले. पुढे सर बायको-पोरीसह अँकोनाला निघून गेले, तिथेच वारले. शाळेच्या दगडी पाटीवर सगळ्या जुन्या शिक्षकांची नावं आहेत. त्यांचं नाही.

बाईंनीही ते खरं मानलं होतं. त्या उन्हाळ्यात सर समोरून आले की आर्जिया रस्ता ओलांडायची.

पुढे तिचं लग्न झालं. औषधांच्या दुकानाचा मालक, भला माणूस. दोन मुलं झाली, ती मिलानला गेली. नवरा जाऊन चार वर्षं झाली. पण अजूनही वर्गात कुणी "हजर" म्हटलं की बाईंचा कान आधीच्या एका आवाजाची वाट पाहायचा.

मुख्याध्यापक दूर दक्षिणेतल्या तारांतोचे, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले. पट गेल्याचं ऐकून त्यांनी हात जोडले. "बाई, देवाशपथ सांगतो, मला ते प्रकरण नकोच होतं. समारंभाला मंत्रालयातून माणूस येणार. कोणाच्या बापाने कोणाला पकडून दिलं, हे कशाला उकरायचं?"

"म्हणून पट नाहीसा केलात?"

"मी?" ते हसायला लागले. "अहो, मला नको असतं तर दप्तराच्या खोलीला ओल आलीय म्हणून एक सूचना लावली असती आणि कुलूप घातलं असतं. वर्षभर कुणी आत गेलं नसतं. चिठ्ठ्या डकवत कशाला बसेन?"

बोलणं उद्धट होतं, पण खरं होतं. ज्याच्या हातात कुलूप, त्याला चोरीची गरज काय?

राहिला ओत्ताविओ. तो बाईंच्याच वर्गातला. समारंभ समितीचा अध्यक्ष. दरवर्षी पंचवीस एप्रिलला, मुक्तिदिनी, गळ्यात रुमाल बांधून डोंगरातल्या दिवसांवर भाषण ठोकायचा. आणि गावात अर्धे लोक कुजबुजायचे की तो डोंगरात नव्हताच, मावशीच्या माळ्यावर लपला होता.

बाई त्याच्या कचेरीत शिरल्या तेव्हा तो भाजलेले चेस्टनट सोलत होता.

"आर्जिया, ये. कॉफी घेणार की भांडण?"

"दोन्ही. चव्वेचाळीसचा पट तू उचललास का?"

ओत्ताविओच्या हातातलं चेस्टनट खाली पडलं.

"गेला? पट गेला?" तो ओरडलाच. "शनिवारी फोटोग्राफर येतोय! काचेची पेटी करून घेतलीय मी त्याच्यासाठी! माझ्या नावापुढे फेब्रुवारीपासून 'गै', 'गै', 'गै' अशी गैरहजेरीची रांग असणार. ती सगळ्या गावाला दाखवायची होती मला. चाळीस वर्षं माळ्यावरचा उंदीर म्हणतात मला, ठाऊक आहे ना तुला? तूही म्हणतेस."

"मी तोंडावर नाही म्हणत."

"मेहेरबानी!"

बाई जिना उतरल्या. या माणसाला पट हवा होता, हरवायला नको होता. मग उरलं एकच नाव, आणि ते घ्यायला बाईंची जीभ धजेना.

३

बाईंनी एक दिवस स्वतःशी वाद घातला. तिघांच्या बाहेरचं कुणी असलं तर?

सप्टेंबरात शाळेला एक पत्र आलं होतं. अँकोनाहून, ब्रान्दोनी सरांच्या मुलीचं. 'माझ्या वडिलांच्या हातचा शेवटचा हजेरीपट मला पाहायचा आहे.' अर्ज अजून मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून होता. बाईंनी नंबर शोधून फोन लावला.

"मी सेरालबाहून बोलतेय. तोम्बोलिनी."



"बोला," मिरेल्ला ब्रान्दोनी म्हणाली. आवाज थंड होता.

बाईंनी चोरी सांगितली. मिरेल्ला कडवट हसली. "म्हणजे तेही गेलं. बाई, मी सहा वर्षांची होते. त्या रात्रीनंतर बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ व्हायची नाहीत. जो माणूस बोलतो त्याची बोटं मोडतात का हो? एवढं तरी तुमच्या हुशार गावाने स्वतःला विचारायचं होतं."

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाशी धरला.

"शेवटच्या आजारात आई त्यांना म्हणाली, आता तरी सांगा, कोण बोललं. ते म्हणाले, कुणीच नाही बोललं. पोरांना लिहिता येत होतं, एवढाच गुन्हा. मला आजवर याचा अर्थ लागला नाही. तुम्हाला लागला तर कळवा."

फोन ठेवून बाई शाळेत आल्या. दारातच नाझारेनो समारंभाची सूचना लावत होता. शेजारी पत्र्याचा डबा, त्यात ब्रश. मुख्याध्यापकांनी आणलेल्या चिकटपट्ट्यांना तो हात लावत नसे. बापासारखाच घरी पीठ शिजवून खळ करायचा. बाप सेत्तिमिओ याच शाळेत शिपाई होता, त्याच्या आधीचा.

बाईंना आंबूस वास आला.

त्यांना सगळं एका रांगेत दिसलं. कपाटाचं कुलूप फुटलं नव्हतं आणि दुसरी किल्ली नाझारेनोच्या कमरेला होती. त्याच रंगाचा, त्याच जाडीचा दुसरा पट शोधायला तिथल्या तीनशे पटांची पाठ पाहिलेला माणूस लागतो. आणि गुरुवारी ती एकच फळी स्वच्छ पुसलेली होती. काही काढलं-ठेवलं की जागा पुसून घेणं ही ज्याच्या हाताला सवय, तोच हे करणार.

पण नाझारेनोने का करावं? इवो त्याचा कुणी नव्हता. सरांशी त्याचं वैर नव्हतं. आणि बाईंना तर तो बहिणीसारखा मानायचा. नवरा गेला तेव्हा दोन महिने रोज सकाळी दारात पाव आणून ठेवत होता.

"नाझारेनो," बाई म्हणाल्या, "पट कुठे आहे?"

त्याने ब्रश डब्यात ठेवला. हात पुसले. नाही म्हणाला नाही.

"बाई, एक मागतो," तो म्हणाला. "मला चोर म्हणा. पोलिसात द्या. पण तो उघडू नका."

४

शिपायाची खोली तळमजल्यावर, अंगणाला लागून. नाझारेनोने कपाटातून चादरींच्या घडीखालून पट काढला आणि टेबलावर ठेवला. कोपऱ्यावर शाईचा डाग होता.

"जाळला का नाहीस?"

"शाळेचा कागद आहे, बाई. शिपायाने शाळेचा कागद जाळायचा?" तो दुखावून म्हणाला. मग त्याने दोन छोटे पेले काढले, बडीशेपेची दारू ओतली. "आधी घ्या."

"नको. सांग."

"बसा तरी."

बाई बसल्या आणि त्यांनी पट उघडला.

सरांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. अँटोनेल्ली, बाल्दी, चेरिओनी... गैरहजर असेल त्या दिवशी चौकटीत 'गै', हजर असेल तर चौकट कोरी. फेब्रुवारीचं पान. लान्चानी ओत्ताविओ: ओळ कोरी. अख्खा महिना कोरी, मार्चही कोरी. आणि त्या महिन्यांत तो वर्गात पाऊलही टाकत नव्हता. म्हणजे निघून गेलेल्या पोरांना सर रोज हजर दाखवत होते! पकडून देणारा माणूस असं करील?

त्यांचं बोट खाली सरकलं. साल्वुच्ची इवो. तीही ओळ कोरी.

कोरी नव्हती.

सात फेब्रुवारीपासून प्रत्येक चौकटीत पेन्सिलीचा एक ठिपका होता. इतका हलका, की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसू नये. आणि मध्ये मध्ये ठिपक्याऐवजी एक छोटं वर्तुळ. नऊ तारीख, सोळा, तेवीस. पुढच्या पानावर एक मार्च, आठ मार्च. पाच वर्तुळं. पाच बुधवार.

हे हस्ताक्षर नव्हतंच. तरीही बाईंनी ते ओळखलं.

आर्जिया वर्गाची प्रमुख होती. रोज सकाळी शिक्षकांच्या खोलीतून पट वर्गात न्यायचं काम तिचं. जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी, ती क्षणभर थांबायची आणि पट उघडायची. आज नाही आला. ठिपका. आजही नाही. ठिपका. बुधवारी चक्कीवर गावाचं पीठ दळलं जायचं. आई तिला शाळेनंतर धाडायची, आणि इवो डोंगरातून उतरून यायचा, सोबत्यांच्या पिठासाठी. पोत्यांच्या मागे उभं राहून दोघं चार शब्द बोलायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या चौकटीतला ठिपका ती वर्तुळ करायची. दिसला. मनाचा नुसता चाळा. कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून कागदाला सांगितलं.

चाळा ती विसरून गेली होती. म्हणजे आठवण होती, पण कशाशी जोडलेली नव्हती.

"माझा बाप खोलीत होता," नाझारेनो खाली बघत म्हणाला. "शेगडीत कोळसे घालत होता. अधिकाऱ्याने पट खिडकीशी धरला. सरांना विचारलं, हे ठिपके कुणाचे? सर पट्कन म्हणाले, माझे. तो म्हणाला, तुमचे तर सांगा, वर्तुळ म्हणजे काय? सर गप्प. बाप म्हणायचा, सरांना त्याच क्षणी कळलं होतं ठिपके कुणाचे. पट कोण आणतं हे त्यांना माहीत नव्हतं का? पण एकदा 'माझे' म्हटलं ते म्हटलं. हात मोडला तरी तेच."

"मग चक्की? चक्कीचं कुणी सांगितलं?"

नाझारेनोने स्वतःचा पेला एका घोटात संपवला.

"अधिकारी बोटांवर मोजत बसला. म्हणाला, सगळे बुधवारच आहेत. मग बापाकडे वळून हसत हसत विचारलं, काय रे, तुमच्या गावात बुधवारी काय असतं? बापाला काय कळणार! लिहिता-वाचता येत नव्हतं त्याला. म्हणाला, बुधवारी चक्की चालते, साहेब." त्याने रिकामा पेला उपडा ठेवला. "एवढंच. मरेपर्यंत झोपेत हेच वाक्य बोलायचा. सर जायच्या आधी आमच्या घरी आले होते. बापाला म्हणाले, सेत्तिमिओ, तू काही सांगितलं नाहीस, आणि त्या पोरीनेही नाही. तिला कधी कळू द्यायचं नाही. ती शिकतेय."

अंगणात पोरांची सुट्टी झाली होती. आरडाओरडा खिडकीतून आत येत होता.

"अर्धं तुमच्यासाठी केलं, बाई," नाझारेनो म्हणाला. "अर्धं बापासाठी. खोटं कशाला बोलू?"

बाईंनी ओत्ताविओच्या ओळीवर बोट ठेवलं. कोरी, स्वच्छ. त्या माणसासाठी कुणीही ठिपके मांडले नव्हते, म्हणून तो आज चेस्टनट खात होता. ज्याची वाट पाहिली, तो गेला.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "नाझारेनो, आता तो पेला दे."

५

मुख्याध्यापकांनी प्रकरण वाचून डोकं धरलं. "बाई, नाव तरी गाळा. 'एक विद्यार्थिनी' लिहा."

"सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. पहिल्या मुलीचं नाव लिहिलंय मी, भूकंपात घंटा वाचवणाऱ्याचं लिहिलंय. माझंच तेवढं गाळू?"

सेत्तिमिओचं नाव लिहावं की नाही, हे त्यांनी नाझारेनोला विचारलं. तो दोन दिवसांनी येऊन म्हणाला, "लिहा. पण त्याला वाचता येत नव्हतं, हेही लिहा." ओत्ताविओने ते पान उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि काचेच्या पेटीबद्दल परत एक शब्द काढला नाही.

डिसेंबरात पुस्तक छापून आलं. पहिली प्रत घेऊन आर्जियाबाई आगगाडीने अँकोनाला गेल्या. बंदरावरच्या चढावर चौथ्या मजल्याचं घर. मिरेल्लाने दार अर्धंच उघडलं. पन्नाशीला आलेली बाई, पण कपाळ थेट सरांचं.

"फोनवर सांगता आलं असतं," ती म्हणाली.

"नसतं आलं. हे वाचा. पान एकशे बारा. मग मला हाकललंत तरी चालेल."

मिरेल्लाने उंबऱ्यातच वाचलं. समुद्रावरचा वारा जिन्यातून वर येत होता, पानं फडफडत होती, ती अंगठ्याने दाबून धरत होती. शेवटच्या ओळीला आल्यावर ती परत मागे गेली, ठिपक्यांच्या परिच्छेदावर.

"'पोरांना लिहिता येत होतं'," ती हळूच म्हणाली. "म्हणजे अधिकाऱ्याला तुमचं लिहिलेलं वाचता आलं. असं होय."

"हो."

"माझी आई बाजारात शेवटपर्यंत मान खाली घालून गेली. इथे, अँकोनातसुद्धा. इथे तर कुणी ओळखतही नव्हतं."

"माहीत आहे म्हणण्याचाही मला हक्क नाही," बाई म्हणाल्या. "त्या उन्हाळ्यात मी तुमच्या बाबांना पाहून रस्ता ओलांडायचे."

मिरेल्लाने पुस्तक मिटलं. बराच वेळ ती बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, जणू कुणीतरी वर्णन केलेली खूण शोधत होती.

"ते मला आठवतं," ती म्हणाली. "बाबा घरी येऊन टोपी काढायचे आणि आईला सांगायचे, आज तोम्बोलिनी दिसली. बरी आहे."

इतक्या दिवसांत न आलेलं रडू तिथे आलं, चौथ्या मजल्याच्या जिन्यात, परक्या दारासमोर. मिरेल्लाने ते आवरेपर्यंत वाट पाहिली. मग दार पूर्ण उघडून ती बाजूला झाली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या मुलाचं तुमच्यावर प्रेम होतं?"

"कुणास ठाऊक," आर्जियाबाई म्हणाल्या. "तो काहीतरी सांगायला लागायचा. पण आई पिठाची वाट बघत असायची, आणि मला घरी जायची घाई असायची."